पटेल चौकचा स्टॉप

सुमित्राबाई आगवेकरांनी लग्नानंतरची बावीस वर्षं हॉकीचा राग केला. दत्तात्रय आगवेकर सहा दिवस दिल्लीत, केंद्राच्या एका मंत्रालयात असिस्टंट म्हणून फायली हलवायचे आणि सातव्या दिवशी पांढरी पँट चढवून शिवाजी स्टेडियमवर अंपायर म्हणून उभे राहायचे. सामने कसले, तर ऑफिसा-ऑफिसांतले. मिळायचं काय, तर कपभर चहा आणि रविवारभर ऊन. मुलीला, उल्काला, गोवर आला त्या रविवारीही ते गेले होते.

"तुमच्यावाचून काय सामना अडणार आहे?" सुमित्राबाई विचारायच्या.

"खेळाडू कमी असला तर चालतं. अंपायर नसला तर अडतं," ते शांतपणे म्हणायचे आणि बुटांच्या नाड्या बांधायचे.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात निकामी झाला, उजवा पाय फरफटू लागला. बोलणं जवळजवळ गेलंच. 'हो', 'नको' आणि 'अगं' एवढेच शब्द उरले. सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आता दोघंच होती. उल्का लग्न होऊन नागपूरला गेली होती. दत्तात्रयांना उठायचं झालं की ते डाव्या हाताने सुमित्राबाईंचं मनगट धरायचे. पकड अशी की बाईंच्या मनगटावर कायमचा काळानिळा पट्टा पडला होता. त्या हातात बांगड्या घालणं त्यांनी सोडून दिलं. संडासला, अंघोळीला, खिडकीशी, सगळीकडे ती पकड. दीड वर्ष त्यांना सलग चार तास झोप मिळाली नव्हती.

अशात हॉकीचा संघ परदेशातून कप जिंकून आला. दिल्लीत मिरवणूक निघणार, उघड्या ट्रकवरून खेळाडू कॅनॉट प्लेसला जाणार, असं रेडिओवर सांगितलं. दत्तात्रयांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. पांढरी पँट हवी होती.

"अहो, गर्दी असेल फार."

"हो."

"रेडिओवर ऐकू ना आपण. सगळं सांगतील."

"नको."

दीड वर्षात या माणसाने काही मागितलं नव्हतं. सुमित्राबाईंनी पँट काढली. ती कमरेत सैल झाली होती, म्हणून नाडी ओवून बांधली. शेजारच्या हेमलताताई जिन्यात भेटल्या. "वहिनी, यांना घेऊन बसने? आजच्या दिवशी? भलतंच काहीतरी." सुमित्राबाईंनाही ते कळत होतं. त्यांनी रिक्षा बघितल्या. पहिला रिक्षावाला म्हणाला, "रास्ते बंद हैं, माताजी." दुसरा थांबलाच नाही.

पहिली बस स्टॉपवर न थांबता गेली. दुसरी पन्नास पावलं पुढे जाऊन थांबली. तरणी पोरं धावली, लटकली, आणि हे दोघं निम्म्या वाटेवर असतानाच ती सुटली. तिसरीत मागच्या दाराने कुणीतरी दत्तात्रयांना बखोटीला धरून वर ओढलं आणि खालून सुमित्राबाईंनी ढकललं. ते ओढणारं कोण होतं, हे त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही.

आत श्वास घ्यायला जागा नव्हती. पोरं झेंडे घेऊन घोषणा देत होती, छताच्या पत्र्यावर थापा मारत होती. दत्तात्रयांचा आजारी पाय कुणाच्या तरी पायाखाली आला असावा, त्यांचं तोंड वाकडं झालं. पण ते हसतही होते. दीड वर्षात पहिल्यांदा. सुमित्राबाईंच्या मनगटाची आग होत होती. गाडी वळली की ते सगळा भार त्या एका हातावर टाकत आणि त्यांना वाटे, आता हाड मोडणार.

"भाईसाहब, बीमार आदमी है, ज़रा सीट दे दीजिए," त्यांनी दोनदा म्हटलं. घोषणांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असलं तरी कुणी उठलं नाही.

पटेल चौकाशी पोलिसांनी बस अडवली. कंडक्टर ओरडला, "परेड वाले सब यहीं उतरो. गाड़ी गोल डाकखाने से घूमकर जाएगी." सगळी बस एकदम पुढच्या दाराकडे लोटली. दत्तात्रय त्या लोंढ्यात पुढे, सुमित्राबाई एक हात मागे, मध्ये दोन माणसं आडवी आणि त्यांच्यामधून ताणलेलं ते मनगट. दत्तात्रय पायरी उतरले. त्यांनी मागे वळून पाहिलं.

सुमित्राबाईंनी त्यांची बोटं सोडवली. एक, मग दुसरं. मग हात मोकळा झाला.

दार बंद झालं नव्हतं. त्या ओरडल्या असत्या तर कंडक्टरने शिट्टी दिली असती. त्या ओरडल्या नाहीत. बस सुटली. निम्मी रिकामी झाली होती. खिडकीजवळची एक सीट मोकळी होती, त्या तिच्यावर बसल्या. वारा लागला. मांडीवर दोन्ही हात ठेवून त्या बसून राहिल्या. गोल डाकखान्याचा स्टॉप आला. एक बाई पिशव्या घेऊन उतरली. सुमित्राबाई उठल्या नाहीत. मनात काही विचार होता असंही नाही. फक्त कुणी धरलेलं नव्हतं.

शिवाजी स्टेडियमला बस रिकामी झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "माताजी, आखिरी स्टॉप." तेव्हा त्या उठल्या आणि पटेल चौकाकडे उलट निघाल्या. पायात गोळा आला तरी त्या पळत राहिल्या. एक चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. पोलिसांनी दोर लावले होते, मोठा वळसा पडला. वाटेत ढोल वाजायला लागले, लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढले. ट्रक त्यांच्यापासून वीस हातांवरून गेला म्हणे. झेंडूची एक माळ त्यांच्या डोक्यावरून उडत गेली. त्यांनी वर पाहिलं नाही. त्या माणसांच्या पायांकडे बघत चालल्या होत्या, कारण पडलेलं माणूस खालीच सापडणार.

दत्तात्रय स्टॉपच्या मागे भिंतीशी सापडले. एका कुशीवर पडलेले, तोंड भिंतीकडे. पांढऱ्या पँटवर कुणाकुणाच्या बुटांचे ठसे होते आणि ती ओली झाली होती. कोपर सोलवटलं होतं. शेजारी एक शेंगदाणेवाला बसला होता. तो ओशाळून म्हणाला, "हमने सोचा पिए हुए हैं. पुलिस वाले ने भी यही कहा."

सुमित्राबाईंनी त्यांना बसतं केलं, पदराने तोंड पुसलं.

"दिसले का हो? ट्रक दिसला का?"

"नको," ते म्हणाले. मग बराच वेळ जीभ धडपडली आणि एक वेगळाच शब्द आला. "हात."

"गर्दी होती हो. सुटला."

दत्तात्रयांनी त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षं रविवारी दुपारी त्यांनी खेळाडूंच्या सबबी ऐकल्या होत्या. त्यांनी नजर काढून घेतली.

परतीच्या दोन बसवाल्यांनी वासामुळे चढू दिलं नाही. गर्दी ओसरल्यावर चार वाजता एका टांगेवाल्याने घेतलं. सबंध वाट दत्तात्रय दांडी धरून बसले होते.

त्यानंतर त्यांनी सुमित्राबाईंचं मनगट धरलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दचकून उठल्या तेव्हा ते भिंत धरून संडासकडे निघाले होते. चार पावलांना दहा मिनिटं. त्या धावल्या, हात पुढे केला. "नको." पुढच्या महिन्यात डॉक्टर खूश झाले. "क्या बात है, आगवेकर साहब, बिना सहारे? मिसेस ने अच्छी मेहनत कराई है." सुमित्राबाई खाली मान घालून गोळ्यांच्या चिठ्ठीची घडी करत राहिल्या.

खोल्यांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीवर तेलकट डागांची एक रांग उमटली. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा चुना मारणाऱ्याने तिच्यावर तीन हात दिले. दत्तात्रय तोवर गेले होते. डिसेंबरच्या थंडीत, न्युमोनियाने, तीन दिवसांत. शेवटच्या दिवशी त्यांना शुद्ध नव्हती, तेव्हा सुमित्राबाईंनी त्यांचा डावा हात धरून ठेवला होता.

हे त्यांनी एकदाच, बहिणीला, वासंतीला सांगितलं. नागपूरला, मेथी निवडताना.

"अशा गर्दीत कुणाचाही हात सुटतो गं," वासंती म्हणाली.

"सुटला नाही. मी सोडला. आणि पुढच्या स्टॉपला उतरता आलं असतं, तरी बसून राहिले."

वासंतीचे हात थांबले. मग तिने पुढची जुडी उचलली आणि ताईने किती केलं त्यांचं, अगदी लहान मुलासारखं केलं, असं ती बोलत राहिली. सुमित्राबाई ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भाजी आत्ताच टाकायची का, की उल्का येऊ दे?"