चाचीचा अंगठा

अंगठ्याच्या निळ्या शाईचा वास आला की मला आमच्या गावचं तलाठी कार्यालय आठवतं. नव्या कायद्यानं, जिथं माणसांची ये-जा असेल तेवढीच कार्यालयं गावात राहणार, बाकीची तालुक्याला, भोकरला जाणार होती, आणि ते बघायला नांदेडहून साहेब येणार होते. मी तिथं झाडलोट करायचे. सकाळीच सडा टाकला, रांगोळी काढली, आणि साहेबांना गर्दीचा त्रास नको म्हणून मीच घरोघर बजावलं, "आज कुणी काम घेऊन येऊ नका." साहेब आले, रिकाम्या बाकड्याकडं बघत म्हणाले, "इथं कुणी येतं का?" तलाठी भाऊसाहेब चाचरले, "लई येतेत, साहेब." साहेबांनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. अनवाणी धावत जाऊन मी समोरच्या शिंप्याच्या घरातून म्हाताऱ्या चाचीला हाताला धरून आणलं. निराधार पगारासाठी ती दर वर्षी हयातीचा दाखला इथूनच न्यायची. साहेबांनी मायेनं विचारलं, "काय काम होतं, आजी?" तिनं काम सांगावं म्हणून मी मागून तिची ओढणी ओढत होते. चाचीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, सकाळचं माझं बजावणं तिला आठवलं असावं, आणि हात जोडून ती म्हणाली, "कुछ काम न्हाई साहेब, सगळं ठीक हाय." कार्यालय गेलंच. आज भोकरला, जिवंत असल्याचा अंगठा द्यायला दोन तास रांगेत उभी राहिल्यावर चाचीनं मला विचारलं, "बेटी, त्या दिवशी मी बरोबर बोलले होते ना?" तिचा अंगठा माझ्या पदरानं पुसत मी म्हणाले, "हाव, चाची."