आधी सांग, मग सोड

मामींचा फोन आला तेव्हा मी मुलांचे डबे भरत होते. "मामा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या... त्याला आता दीड महिना होईल. वसंतमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, म्हैसूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत जन्मभर सहायक होते. प्रोफेसर बदलत गेले, मामा आणि त्यांचे लंबक तिथेच राहिले. त्यांना एक खोड होती. उत्तर म्हणून कधी द्यायचे नाहीत. साधा नारळ फोडायचा तरी आत पाणी किती निघेल ते आधी सांगायला लावायचे, आणि मामी कोयता हातात धरून ताटकळायच्या.

आम्हीही म्हैसूरलाच राहतो. गेल्या वर्षी इथे मुलांसाठी विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं, सगळं हाताळून बघायचं असं. मामा आमच्याबरोबर आले. माझा धाकटा, चार वर्षांचा ओम, दिसेल ते बटण दाबत सुटला. सात वर्षांची ईरा मात्र हात मागे बांधून उभी. शाळेत एकदा उत्तर चुकलं म्हणून वर्ग हसला होता, तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप होतं. एका टेबलावर दोन उतरत्या पट्ट्या होत्या, एक सरळ आणि एक मध्येच खोल जाऊन पुन्हा वर येणारी. दोन्हींची टोकं शेजारी शेजारी, सारख्याच उंचीवर. वरून एकदम गोळ्या सोडायच्या.

"कुठली आधी पोचेल? सांग की, पुट्टी." मामा ईराला लाडाने पुट्टी, म्हणजे कन्नडमध्ये छोटी, म्हणायचे.

"तुम्ही आधी सांगा."

"सरळ. वाट कमी, वेळ कमी. इष्टे, एवढंच!"

ईरा बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "खड्ड्याची. उतारावर सायकल पळते ना, तशी."

"सरी, नोडोण, बघूया," म्हणत मामांनी गोळ्या सोडल्या. खड्ड्याची गोळी आधी पोचली. "अय्यो! परत सोड." पाच-सहा वेळा सोडून झालं, तरी तेच. मामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हरलो मी." घरी पोचेपर्यंत ईराची टकळी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हात वर केला.

पुढचा शहाणपणा माझा. मामांच्या तेराव्याला हा किस्सा सांगताना, त्यांचा मोठेपणा दाखवायच्या भरात मी बोलून गेले, "पोरीला धीर यावा म्हणून मुद्दाम हरले हो! जन्म प्रयोगशाळेत गेला, त्यांना का ठाऊक नसेल?" ईरा दारातच उभी होती. "म्हणजे मी जिंकलेच नव्हते?" तिने विचारलं. ज्यांना विचारायचं, तेच नव्हते. ती पुन्हा गप्प झाली, आणि मला माझ्या जिभेचा भयंकर राग आला.

गेल्या रविवारी ईराला घेऊन मामांच्या जयलक्ष्मीपुरमच्या घरी गेले. खोली आवरताना कपाटामागून एक फळी निघाली. तिच्यावर पडद्याचे दोन ॲल्युमिनियमचे चॅनल ठोकलेले, एक सरळ, एक वाकवलेला.

"प्रदर्शनावरून आले नि खिडकीचे पडदेच उतरवले," मामी म्हणाल्या. "तीन दिवस हेच. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, थांब की, अजून पटत नाही."

फळीच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं. ईराची शाळा कन्नड, तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचलं. "सरळच यायला पाहिजे. परत. पटत नाही. परत..." आणि अगदी खाली, "कळलं. आधी खाली गेली की वेग आधीच मिळतो. पुट्टीचं बरोबर, माझं चूक."

"परत वाच," ईरा म्हणाली. मी वाचलं. "म्हणजे आजोबा खरंच चुकले होते!" ती इतकी खूश झाली की मामीही हसल्या, आणि मग डोळे पुसायला लागल्या.

ईराने खिशातून ओमच्या दोन गोट्या काढून चॅनलच्या वरच्या टोकांशी धरल्या. "आई, आधी सांग, मग सोडते."

"सरळ" म्हणून तिला पुन्हा जिंकवायचा मोह मला झाला, खोटं कशाला सांगू? पण म्हटलं, "खड्ड्याची."

"का?" तिने विचारलं, आणि मी सांगेपर्यंत गोट्या सोडल्या नाहीत.