नववं पोतं

बोटीच्या पंख्याबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. सोळा पावसाळे मी पुराच्या पाण्यात सरकारी बोट चालवली आहे. त्यामुळे जन्मात बोटीत न बसलेल्या, मूल गावच्या राईस मिलमधल्या एका फिटरने मला पहिल्याच भेटीत पंख्यावरून धारेवर धरलं, तेव्हा मी त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पंखा म्हणजे प्रोपेलर. आमच्याकडे साहेबांपासून सगळे पंखाच म्हणतात. नवी फायबरची बोट आली तेव्हा तिच्याबरोबर तीन पंखे आले होते: पंधरा इंची, तेरा इंची आणि अकरा इंची. ही पंख्याची रुंदी नव्हे. पंखा एकदा फिरला की बोट अंदाजे किती पुढे सरकेल, त्याचं हे माप. साहजिकच मी पंधराचा उचलला. ट्रायलच्या दिवशी काठावर साहेब लोक, बोटीत मी एकटा, आणि साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. बोट अशी सुटली की टाळ्या पडल्या. तेराचा आणि अकराचा गोणपाटात गुंडाळून स्टोअरमध्ये गेले.

त्याच पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावातून फोन आला. पहिलटकरीण माहेरी आलेली, कळा सुरू झालेल्या आणि पूल पाण्याखाली. ती, तिचा नवरा, तिची आई, आमची सिस्टर, तापाने फणफणलेले आणखी काही जण, असे मला धरून दहा जण बोटीत बसले. दहाचीच परवानगी होती, म्हणजे चूक काही नव्हती. पण बोट उठेना. नाक आभाळाकडे, बूड पाण्यात. वळणावर धारेला लागलो तर इंजिन नुसतं कण्हत राहिलं, आरपीएमचा काटा अर्ध्यावर अडला आणि काठावरचं मोहाचं झाड होतं तिथेच दिसत राहिलं. मी बोट मागे वळवली आणि तीन जणांना उतरायला सांगितलं.

त्यात तिची आई होती. पोटाशी गाठोडं धरून ती गुपचूप उतरली. मुलगी तिच्या लुगड्याचा पदर सोडेना, तेव्हा तो सिस्टरने सोडवला. बाळंतपण सुखरूप झालं. पण पुराने मोबाइलचा टॉवर बंद पडला होता, त्यामुळे मुलगी जगली की नाही हे त्या बाईला तीन दिवस कळलं नाही. पुढे ती मला बाजारात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जायचो. लोकांना मात्र सांगायचो, इंजिनात दम नाही.

दिवाळीनंतर घरचं धान भरडायला मूलला गेलो, तेव्हा तो फिटर दिसला. मिलच्या मशीनमध्ये धान पडलं की ती मान टाकत होती. मालक म्हणत होता, मोटर बदला. हा कानाला हात लावून नुसता ऐकत बसला होता. मग उठला, मोटरवरची पुली काढली, लहान पुली चढवली आणि मशीन आवाज न बदलता धान खायला लागली. मला माणूस आवडला. म्हणून त्याला बोटीची सगळी कथा सांगितली. माझी अपेक्षा एवढीच होती की तोही इंजिनाला शिव्या देईल.

त्याने विचारलं, "पंखा रिकाम्या बोटीवर पाहून लावला का भरल्या?"

तिथेच आमचं वाजलं. पण घरी येताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. साहेबांची परवानगी काढली, त्या फिटरला 'भाऊ, या' म्हणून निरोप धाडला, आणि पुढच्याच सुट्टीच्या दिवशी भाऊ सिंदेवाहीजवळच्या तलावावर हजर झाला. मिलमधून धानाची पोती आणायला त्यानेच सांगितलं होतं. एक पोतं म्हणजे एक माणूस. मी आठ आणली.

तो बोटीत बसलाच नाही. पाण्याची भीती वाटते म्हणाला. काठावर उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकत राहिला. पंधराचा पंखा आठ पोत्यांना उठलाच नाही. तेराचा लावला, बोट थोडी घुटमळली, पण उठली आणि पाण्यावरून पळायला लागली. मी खूश. तेराचा पक्का, म्हणून मी पाने-पक्कड आवरायला घेतले.

"आन् तिची माय?" तो म्हणाला.

मी हिशेबात त्या पहिलटकरणीच्या आईला धरलंच नव्हतं. ती आजारी नव्हती, म्हणून माझ्या लेखी ती उतरवण्यातलीच होती. कुठून तरी नववं पोतं आणलं. तेराच्या पंख्याने मान टाकली. अकराचा लावला. इंजिन मोकळ्या गळ्याने ओरडलं, नाक खाली आलं, बूड वर आलं आणि नऊ पोती आणि मी असे आम्ही निघालो. काटा जिथे पाहिजे तिथे होता.

तरीही मी कुरकुरलो. यात वेग मार खातो आणि बोट रिकामी असली की इंजिन नको तितकं फिरतं, हात आवरावा लागतो.

"मंग आवर," भाऊ म्हणाला. "रिकामी बोट पळवाले त्यात बसते कोन? तूच ना?"

मी अकराचाच पंखा घट्ट आवळला आणि बाकीचे दोन गोणपाटात गुंडाळले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गावातून फोन आला. या वेळी ते बाळच तापलं होतं. गेलो तर माणसं काठावर तयार उभी होती. लेकीला आणि नातवाला बोटीत बसवून ती बाई आपणहून मागे सरकली. गाठोडं लेकीकडे दिलं नव्हतं, स्वतःजवळच ठेवलं होतं.

"तुमी बी बसा, बाई."

"मंग उतराव लागन ना?" ती म्हणाली. तक्रार नव्हती, बोटीचा नियम असावा तसं ती बोलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बसली, पण अगदी कडेला, गाठोडं कवटाळून. मला धरून आम्ही दहाच होतो. वळण आलं, धार लागली, मी इंजिन पूर्ण खोललं. बोट उठली. मोहाचं झाड जवळ आलं, बाजूला आलं आणि मागे पडलं. मी वळून पाहिलं. बाईने गाठोडं पायाशी ठेवलं होतं आणि नातवाला मांडीवर घेतलं होतं. त्या घटकेला भाऊ समोर असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

बाळाला दवाखान्यात पोचवून लगेच भाऊला फोन लावला. मागे मिलचा आवाज होता.

"कोनाले उतराव लागलं का?"

"नाई, भाऊ."

"मंग बरोबर हाये," म्हणून त्याने फोन ठेवला. वेग किती लागला हे त्याने विचारलंच नाही, आणि मी आकडा जिभेवर घेऊन बसलो होतो.