बाजा तसा वाजला नाय

पुण्याहून बॅग घेऊन आले तेव्हा मी आईला सांगितलं, ऑफिसनं घरून काम दिलंय. ते खरं होतं. नवऱ्याकडे परत जायचं नाही असं मी ठरवलं होतं, हेही खरं होतं. तेवढं सांगितलं नाही. म्हणजे खरंच ठरवलं होतं का, हे मला रोज सकाळी नव्यानं तपासावं लागायचं.

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आई आणि भाऊ राहतात. भावाची बंदरात दुपारची पाळी, त्यामुळे संध्याकाळी आम्ही दोघीच. आईला गप्पा हव्या असायच्या आणि गप्पांची गाडी जावयावर यायला कितीसा वेळ लागणार? म्हणून मी टीव्हीवर इटालियन सिनेमे लावायला लागले. कॉलेजच्या फिल्म क्लबात त्यांचा नाद लागला होता. सगळे एकमेकांवर ओरडतात आणि मग एका टेबलाशी जेवायला बसतात, असे लांबलचक घरगुती सिनेमे. खाली इंग्रजी अक्षरं. आईला दोन्ही भाषा येत नाहीत. ती कंटाळून उठून जाईल, असा माझा साळसूद हिशेब.

ती उठली नाही. कोलंबीची परात घेऊन टीव्हीकडे निम्मी पाठ करून बसली आणि सोलता सोलता पार्श्वसंगीत ऐकायला लागली. दोन-चार सिनेमांत तिचे नियमही तयार झाले. एकटं व्हायोलिन वाजलं की कुणीतरी घर सोडणार. व्हायोलिनला ती 'रडकी' म्हणायची. सगळा बाजा एकदम वाजला की लग्न, नाहीतर जेवण. पुष्कळदा ती साफ चुकायची. एका सिनेमातल्या डॉक्टरला ती शेवटपर्यंत हिरॉइनचा दीर समजली आणि त्याच्या वागण्यावर भयंकर संतापली. मी सांगायला गेले तर म्हणाली, "तू तुजा वाच. मना ऐकू दे."

मग एकदा कोलंबीचं डोकं मोडता मोडता ती म्हणाली, "ही पोर सुखात नाय. आल्यापासून धड जेवत नाय."

मी पडद्याकडे पाहिलं. हिरॉइन ताटभर पास्ता संपवत होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेक मीच आणि कुणाचीतरी सूनही मीच. आईला कळलंय का? की नेहमीसारखं व्हायोलिन ऐकून काहीतरी ठोकून दिलं? तिचा चेहरा बघितला तर तो कोलंबीत. त्या रात्री मी मुद्दाम दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि त्या पचल्या नाहीत.

पुढच्या सिनेमात नवऱ्याला सोडून आलेली बाई शेवटी एसटीसारख्या एका लाल बसमध्ये चढते. व्हायोलिन बराच वेळ वाजतं आणि सिनेमा संपतो.

"कुठं गेली?" आईनं विचारलं.

"नवऱ्याकडे परत. खाली लिहिलंय तसं."

"नाय गो. बाजा तसा वाजला नाय." तिनं कोलंबीचा काळा दोरा बोटाला गुंडाळला. "ती नाय जायाची परत. आन जाव पन नये."

एवढं स्पष्ट कोण बोलतं? मला वाटलं, तिनं माझ्यासाठी दार उघडून दिलंय, आता मीच आत जायला उशीर करतेय. इतकं हलकं वाटलं की मी बोलून गेले, "आई, मीपण नाही जाणार."

"कुठं?"

"पुण्याला. त्याच्याकडे."

तिचे हात थांबले. तिला काहीच माहीत नव्हतं. ती खरोखर त्या बसमधल्या बाईबद्दलच बोलत होती.

"मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही गं."

"मंग?"

मी सांगायला लागले. तो चांगला आहे, म्हणाले. मग म्हणाले, तिथं मी कुणाशीच बोलत नाही. मग म्हणाले, तसं नाही, बोलते, पण. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला खोटं पाडत होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. इतके सिनेमे शब्द न कळता समजून घेणाऱ्या तिला माझ्या मराठीतलं काही समजत नव्हतं, आणि मलाही.

"बरा," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हा."

आणि कोलंबीचे हात तसेच अधांतरी धरून रडायला लागली. माझ्यासाठी रडत होती, जावयासाठी, की उद्या भावाला काय सांगायचं म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.