चूक आपलीच निघावी म्हणून

आपल्या हातून चूक झालेली असावी अशी आशा धरून जगणारा माणूस फिनलंडमधल्या आमच्या वार्काउस गावात एकच होता, इल्पो रौतिआइनेन. बाकी गाव या बाबतीत शहाणं. कागदाच्या कारखान्यात यंत्र बंद पडलं की पहिली पाळी दुसरीवर ढकलते, दुसरी तिसरीवर, आणि तिसरी ओल्या लाकडावर. इल्पोनं सगळी नोकरी तिथल्या नियंत्रण खोलीत काढली, पण या ढकलाढकलीत तो कधी पडला नाही, कारण तो बोलायचाच नाही. आमच्याकडं कमी बोलणाऱ्याला भला माणूस म्हणतात, तेवढ्यावर त्याचं भागलं.

त्याचा जीव होता घरच्या कामात. तो तरुण असताना संगणकावर गोळीबाराचा एक खेळ आला होता. हातात बंदूक, पुढं अंधारे बोळ, बोळांत राक्षस, आणि शेवटी बाहेर पडायचं दार. त्या काळातले संगणक भंगारात गेले, नव्यांवर तो खेळ चालेना, तेव्हा जगभरच्या वेड्या लोकांनी त्याची पोर्टं लिहिली, म्हणजे तोच खेळ नव्या यंत्रावर चालवणारे प्रोग्राम. बहुतेकांनी वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. कुणी चित्र गुळगुळीत केलं, कुणी नव्या बंदुका घातल्या. इल्पोनं यातलं काही केलं नाही. मूळ खेळात एखादा राक्षस दारात अडकत असेल, तर त्याच्या पोर्टमध्येही तो त्याच दारात तसाच अडकायचा. ब्राझीलहून कुणीतरी विनवलं, निदान एवढी तरी चूक दुरुस्त करा. इल्पोनं उलट विचारलं की आजोबांच्या फोटोतली चामखीळ तुम्ही खरवडून काढता का. एवढं लांब वाक्य तो त्या वर्षात दुसरं बोलला नसेल.

हा हट्ट कशापायी होता ते कळायला यार्मो कळायला हवा. यार्मो आणि इल्पो एकाच इमारतीतले, एकाच वर्गातले, एकाच उन्हाळ्यात कारखान्यात लागलेले. खेळात यार्मोचा हात असा होता की त्याच्या मागं उभं राहून बघायला शेजारचे जिने उतरून यायचे. मग मंदी आली, आधी नव्या पोरांना काढलं, त्यात यार्मो गेला आणि इल्पो कसाबसा राहिला. यार्मो घरी बसला. दुपारपर्यंत झोपायचा, उरलेला दिवस खेळायचा, आणि कसा आहेस विचारलं की ‘चाललंय’ म्हणायचा. गावातली निम्मी पोरं तेव्हा हेच म्हणत होती, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. एप्रिलमध्ये तो तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेला. त्या दिवसांत बर्फ काळा पडतो आणि त्यावर पाय ठेवायचा नसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लोक म्हणाले, अंदाज चुकला. अंत्यविधीला कॉफी प्याले, त्याची आई केर्टू हिचा हात हातात घेतला, आणि आपापल्या घरी गेले.

केर्टूला त्याच्या खोलीत फ्लॉपींचा डबा मिळाला. तो तिनं इल्पोला दिला. फ्लॉपींवर यार्मोनं खेळताना केलेली रेकॉर्डिंग होती, आणि या रेकॉर्डिंगची एक गंमत असते. त्यात चित्र नसतं. खेळणाऱ्यानं कोणत्या क्षणी कोणतं बटण दाबलं, तेवढंच असतं. ती बटणं खेळाला पुन्हा दिली की खेळ आपला आपण पुन्हा घडतो, तीच वळणं, त्याच गोळ्या. मात्र प्रोग्राम मूळच्यापेक्षा केसभर जरी वेगळा असला, तर रेकॉर्डिंग भरकटतं. बटणं तीच, पण माणूस दाराऐवजी भिंतीत घुसतो, नसलेल्या शत्रूवर गोळ्या झाडतो आणि मरतो. म्हणून तो चामखिळीचा हट्ट. यार्मो चालायला हवा असेल, तर त्याच्या पायाखालची जमीन तीच राहायला हवी होती.

त्याची सगळी रेकॉर्डिंग इल्पोच्या पोर्टवर पार दारापर्यंत चालली. एक सोडून. मरणाच्या आधल्या आठवड्यातलं, सगळ्यात शेवटचं. त्यात यार्मो शेवटच्या दालनापर्यंत झकास येतो, एक राक्षस सोडून सगळे मारतो, दार समोर दिसत असतं. आणि मग तो वळतो, कोपऱ्यात जातो, भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. मागून राक्षस येतो. रेकॉर्डिंग तिथं संपतं.

इल्पोनं ते पाहिल्याबरोबर निदान केलं: भरकटलं. या धंद्यातला कुणीही हेच म्हणाला असता. केर्टूलाही त्यानं तसंच सांगितलं, की चूक माझ्या प्रोग्रामची आहे, यार्मो बाहेर पडलेला आहे, मला फक्त चूक सापडायची आहे. दर रविवारी तो तिच्याकडं जायचा, पुढं ती वृद्धाश्रमात गेली तेव्हा तिथं. दालचिनीचे पाव, कॉफी, आणि यार्मो. तिच्याकडं मुलाचे फोटो होते, पण हलणारा मुलगा एवढाच होता. कोपऱ्याचा प्रसंग आला की ती शांतपणे पाव मोडत बसायची, कारण तिथं उभा होता तो तिचा मुलगा नव्हता, इल्पोची चूक होती. निघताना विचारायची, सापडली का रे? इल्पो म्हणायचा, जवळ आलोय.

या जवळ येण्यात त्याचे केस पिकले. बायको मेर्या कंटाळून गेली. जाताना भांडली नाही, एवढंच म्हणाली की या घरात मेलेल्याला खोली आहे आणि मला खुर्चीसुद्धा नाही. ते खरंच होतं. लोक अंगण वाकडं म्हणून आपला नाच वाचवतात. याचं अंगण सरळ होतं, आणि हा स्वतःला लंगडा म्हणवून घ्यायला तडफडत होता.

कुओपिओ शहरातल्या सोइलेनं हे एकदा त्याला तोंडावर सांगितलं होतं. ही बाई गॅरेजभर जुने संगणक जपते आणि जिभेला हाड नाही. तिनं ते रेकॉर्डिंग पाहिलं आणि म्हणाली, “इल्पो, भरकटलेला माणूस धडपडतो. भिंतीला धडका देतो, वेड्यासारखा गोळ्या झाडतो. हा तर गप उभा आहे.”

“चुकीचे प्रकार असतात,” इल्पो म्हणाला.

“असतात की. तुझा प्रकार सगळ्यात जुना आहे, दिसतं ते न मानायचा.”

त्यावर इल्पोनं तिच्याशी दोन हिवाळे बोलणं टाकलं. पण या कामात बोलायला माणसं तरी किती असतात. पुन्हा बोलू लागले ते जुन्या संगणकातल्या एका आवाजाच्या कार्डाच्या निमित्तानं.

गेल्या मार्चमध्ये सोइले तिची जुनी गाडी घेऊन आली आणि मागच्या सीटवरून तिनं पिवळट पडलेला एक संगणक उतरवला. तो यार्मोचा होता, मुलगा गेल्यावर केर्टूनं विकलेला. सोइलेनं तो हुडकत हुडकत एका शेतावरच्या कोठारात गाठला होता. वरच्या पत्र्यावर यार्मोनं खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, आणि आत मूळ खेळ जसाच्या तसा. इल्पोला आनंद झाला, इतका की त्यानं तिला दोनदा कॉफी ओतली आणि साखर द्यायची विसरला. आता मूळ यंत्रावर यार्मो दारातून बाहेर पडताना दिसणार, त्याच्या पोर्टमध्ये कुठं फरक पडतो ते कळणार, आणि इतक्या वर्षांची चूक पदरात पडणार, असा त्याचा हिशेब होता.

सोइले मात्र कोट न काढता बसली. “आज नको लावू,” ती म्हणाली. “कोठारात मी माझ्याकडची प्रत एकदा लावून बघितलीय.”

इल्पोनं फ्लॉपी घातली. यार्मो आला, राक्षस पडले, दार दिसलं. मग यार्मो वळला, कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच खेळात. मागून राक्षस आला.

इल्पोनं पुन्हा लावलं. तेच. इल्पोचं पोर्ट पहिल्या दिवसापासून बिनचूक होतं. एवढं बिनचूक पोर्ट जगात दुसरं नसेल, असं सोइले म्हणाली, आणि ते तोंडातून गेल्यावर तिला रडू आलं. इल्पोला रडूही आलं नाही. मित्र त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीला तोंड करून उभा होता, वर्षानुवर्षं, दर रविवारी, आणि हा शेजारी बसून म्हणत होता की हा तो नव्हेच. आणि मग तो काळा पडलेला बर्फ. तिथंही यार्मोचा अंदाज चुकलेला नव्हता.

पुढच्या रविवारपर्यंत इल्पो कामावर गेला नाही. जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. यार्मोचं रेकॉर्डिंग त्यानं कोपऱ्याच्या अलीकडं कापलं आणि पुढचा भाग स्वतः खेळून जोडला. सोपं काम नव्हतं, यार्मोचा हात त्याला नव्हता. पुष्कळदा मेल्यावर एकदाचा तो उरलेला राक्षस मारून दारातून बाहेर पडला. म्हातारीची फार वर्षं उरलेली नाहीत, तिला एवढं मिळालं तर कुणाचं काय जातं, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

केर्टूच्या खोलीत ऊन आलं होतं. इल्पोनं सांगितलं की चूक सापडली. तिनं हातातला पाव खाली ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. यार्मो आला. दालन आलं. कोपरा डावीकडं राहिला, राक्षस पडला, दार उघडलं, आणि तो बाहेर गेला. पडद्यावर डाव पुरा झाल्याचे आकडे आले.

केर्टूनं आकडे वाचले.

“हा तू आहेस,” ती म्हणाली.

“काय?” इल्पोनं विचारलं.

“दालनापर्यंत तो होता. मग तू आलास. तो दाराशी असा घाबरत घाबरत जायचा नाही. आधी सगळीकडं एक नजर फिरवायचा, मग जायचा.” तिनं त्याच्याकडं पाहिलं. “म्हणजे चूक नव्हतीच तुझी.”

अजून ‘होती’ म्हणता आलं असतं. त्या एका शब्दासाठी त्यानं बायको घालवली होती.

“नव्हती,” इल्पो म्हणाला.

केर्टूनं मांडीवरचे हात एकदा उघडले आणि मिटले. मग म्हणाली, “खरं लाव.”

त्यानं नको म्हटलं. तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यानं लावलं. यार्मो आला. पावाला आज कुणी हात लावला नाही. राक्षस पडले, दार दिसलं, यार्मो वळला आणि कोपऱ्यात गेला. इतक्या रविवारांत केर्टू पडद्याशी कधी एक शब्द बोलली नव्हती. यंत्राच्या चुकीशी कोण बोलतं? आज ती पुढं वाकली.

“वळ रे बाळा,” ती म्हणाली. “यार्मो, वळ. मागं बघ. दार तिकडं आहे.”

इल्पोचं बोट वळायच्या बटणावर गेलं. रेकॉर्डिंग चालू असताना बटण दाबून काही होत नाही, हे त्याच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो ते दाबत राहिला.