गावपळणीत सफरचंदाची रोपं

गावपळणीच्या आदल्याच दिवशी कुरियरवाला दारात! हातात लांबडं पार्सल... आत सफरचंदाची पाच रोपं. पानं नाहीत, माती नाही, नुसत्या काठ्या आणि उघडी मुळं.

पाठवली नवऱ्याने. तो हिमाचलात हॉटेलात कुक आहे, आणि 'पुढच्या वर्षी कायमचा येतो' हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. या वेळी म्हणाला, आपल्याकडच्या उष्ण हवेत येणारी जात आहे, रोपं पुढे पाठवतो, मागून मी. रोपं खरंच आली... म्हणून मला पहिल्यांदाच खरं वाटायला लागलं होतं.

फोनवर त्याचं एकच पालुपद, "गो, मुळा सुकाक दिव नको हां! लावीसर वल्या रेवेत पुरून ठेव." पण पुरू कुठे? दुसऱ्या दिवशी देवाच्या कौलाने अख्खा गाव वेशीबाहेर जाणार. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री... सगळ्यांनी तीन दिवस झोपड्यांत राहायचं, आणि परतीचा कौल मिळेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही. मी मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि रोपं न्हाणीघरात ठेवली. म्हटलं, टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवू.

सासूबाई गुरं घेऊन सकाळीच पुढे गेल्या. मी मागून गॅस, भांडी, कोंबड्या, मांजर सगळं चढवलं... आणि वेशीबाहेर सामान उतरवताना एकदम आठवलं. रोपं!

आता परत जाणं शक्यच नव्हतं. सांगणार तरी कोणाला? आजूबाजूला नुसती जत्रा... भजनं, पत्ते, चुलीवर मासे. मी मात्र खुळ्यासारखी या झोपडीतून त्या झोपडीत. नवऱ्याचा फोन वाजला, उचलला नाही. परत वाजला... स्वतःचा इतका राग आला की उगाच मांजरीवर ओरडले.

डोक्यात एकच... रोपं मेली तर त्याला न येण्याचं निमित्तच मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घेऊन व्हाळावर गेले, तर काठच्या सावलीत, ओल्या रेतीत पाचही रोपं तिरकी पुरलेली! सासूबाई वरून पाणी शिंपडत होत्या. मी रडायलाच लागले.

त्यांना काही समजेना. "अगो, रुजलेला झाड गावाचा, ता थंयच रवता. ह्येंची मुळा अजून उघडी. मगे ह्येंका आपल्यावांगडा नको आणूक?" गुरांबरोबर त्यांनीच आणली होती... आणि मला तसं सांगावं, हे त्यांच्या गावीही नव्हतं!

तेवढ्यात परत फोन. व्हिडिओवर रोपं दाखवायला लागले, तर सासूबाईंनी फोनच ओढून घेतला. "बघ, कौल मिळालो काय ही घराक जातली. तुझो कौल कधी मिळतलो रे झिला?"

तो हसला नाही. नेटवर्क जातंय असंही म्हणाला नाही. "मालकाक आजच सांगतंय," इतकंच बोलला.

कौल मिळाला, आम्ही परतलो, चार रोपं लावली. पाचवं मागच्या पडवीत सावलीला, ओल्या रेतीत ठेवलंय... ते त्याने लावायचं, कोंब सुटायच्या आत.

तिकिटाचा फोटो काल आला. तरी माझं येता-जाता त्या काठीला निरखणं चालूच आहे, कुठे कोंब सुटला का म्हणून. ये रे बाबा लवकर... याला पालवी फुटायच्या आत ये.