ब्रेकबाई बरी झाल्यावर

माझी ताई गाडी चालवायला शिकवायची. पुरुषही यायचे तिच्याकडे, पण ओढा बायकांचा. नवऱ्याकडून नाहीतर भावाकडून शिकायला गेलेल्या आणि पहिल्याच दिवशी डोळे पुसत घरी परतलेल्या बायका शेवटी तिच्याच दारात यायच्या, कारण ती ओरडत नसे. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ताईचा पाय त्यावर इतका अलगद असायचा की गाडी आपण थांबवली की बाईंनी, हे शिकणारीला कळायचंच नाही. "तुम्हीच थांबवलीत की!" असं ताई बिनदिक्कत सांगायची. पुढे कधीतरी त्या बायकांना खरं कळायचं आणि त्या हसायच्या. त्यांनीच तिचं नाव ठेवलं, ब्रेकबाई.

क्लच शिकवताना म्हणायची, "झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात कसा काढता? तसा पाय काढायचा." बोलता बोलता पुढे उभ्या असलेल्या गाडीचं उघडणारं दार, मागून येणारा ट्रक आणि शिकणारीच्या कपाळावरचा घाम, असं सगळं तिला एकदम दिसायचं. मी एकदा विचारलं, हे जमतं कसं? तर म्हणाली, "जमवायला कुठे लागतं? दिसतंच."

पन्नाशीच्या आत तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन. त्या काळात ती इतकी खमकी वागली की आम्हीच तिच्याकडून धीर घ्यायचो. केस गेले तेव्हा डोक्यावरून हात फिरवत भावजींना म्हणाली, "बघा, नवा हेडलाइट बसवलाय." भावजी, म्हणजे तिचे मिस्टर, गाड्यांची डागडुजी आणि ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस बघायचे. ते हसले आणि मागे गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता गाठीचं काही शिल्लक नाही. भावजींनी गाडीला नवी सीट कव्हरं घातली. भेटेल तो म्हणायचा, "सुटलीस बाई!" आजारपणात दाराशी माणसांची रीघ होती, ताई बरी झाली तशी सगळे आपापल्या कामाला लागले. त्यात कोणाचं काही चुकलं असंही नाही. बऱ्या झालेल्या माणसाकडे किती दिवस बसून राहणार?

मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. एकदा दुपारी खाली उतरत होते, तर ताई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली.

"काय गं, दमलीस?"

"मी वर चालले होते की खाली?" तिने विचारलं.

मला हसू आलं. म्हटलं, "ओले कपडे आहेत, गच्चीवर चालली असशील." तीही हसली आणि वर गेली. वर जाऊन कपडे वाळत न घालताच परत आली, हे मला संध्याकाळी बादली तशीच भरलेली दिसली तेव्हा कळलं.

मग असं होतच राहिलं. गाडी शिकवताना तिचा शब्द अडायचा. "ते लावा... ते, वळताना टिकटिक करतं ते." इंडिकेटर! जो शब्द तिने आयुष्यभर दिवसातून शंभरदा उच्चारला, तो तोंडात येईना. टीव्हीवर दोन माणसं एकदम बोलायला लागली की उठून आत जायची. वर्तमानपत्रातली एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचायची आणि मग पेपर उलटा ठेवून द्यायची. आम्ही म्हणायचो, "अगं, आम्हीही विसरतो. वय झालं आता." शेजारच्याही हेच म्हणायच्या. आमचा हेतू धीर द्यायचाच होता, पण आमच्या धीरापुढे तिला पुढचं बोलायला जागाच उरत नसे. वयाने येतं ते हळूहळू येतं, हे कोणीतरी बटण दाबून दिवा घालवल्यासारखं कसं, हे तिला विचारायचं होतं. विचारलं नाही.

तिच्या मनात काय होतं ते फार नंतर कळलं. तिला वाटत होतं, रोग वर चढलाय, डोक्यात. कोणाला सांगितलं तर तपासतील, तपासलं तर सापडेल. म्हणून ती गप्प. कधी वाटायचं, रोग नाही, आपल्याला वेड लागतंय. आणि कधी वाटायचं, यातलं काहीच नाही, आपण उगाच करतोय. एवढ्यातून वाचलो, लोक देवाचे आभार मानतात आणि आपल्याला सकाळी उठावंसंही वाटत नाही, म्हणजे आपणच कृतघ्न. या तिन्हीत खरं कुठलं ते तिला ठरवता येईना.

त्याच सुमारास तिच्याकडे एक शिंपीणकाकू शिकायला येत होत्या. नवरा गेल्यावर त्यांची जुनी गाडी दाराशी धूळ खात पडली होती, ती चालवायची त्यांनी जिद्द धरलेली. फार घाबरायच्या. ताईने सांगितल्याशिवाय आरशातही बघायच्या नाहीत. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं.

ताई त्यांना घेऊन मोठ्या गोल चौकात गेली. त्या चौकातून पाच रस्ते फुटतात. काकूंनी विचारलं, "बाई, कुठल्या रस्त्याने काढू?"

"फिरत राहा," ताई म्हणाली.

काकू फिरत राहिल्या. त्यांना वाटलं, वळणाचा सराव चाललाय. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. चौकातला पोलीस आधी त्यांच्याकडे बघून हसला, मग हसायचा थांबला आणि बघतच राहिला. तेव्हा काकूंनी धीर करून शेजारी पाहिलं. ताईने दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरली होती.

"बाई, कुठे जायचंय आपल्याला?"

"हा चौक माझ्या ओळखीचा आहे," ताई म्हणाली. "मला माहीत आहे की मला माहीत आहे."

एवढ्यात बाजूने बस आली. बस तशी लांब होती, पण ताईने आपल्या पायाखालचा ब्रेक दाणकन दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. मागून हॉर्नचा गदारोळ. ताईने कान झाकून घेतले. शेजारी बसलेली बाईच अशी म्हटल्यावर काकू घाबरून सांगणार कोणाला? त्यांनी क्लच दाबला, किल्ली फिरवली, समोर दिसला तो रस्ता धरला आणि एका बंद दुकानापुढे गाडी उभी केली.

"घर कुठे तुमचं?" त्यांनी विचारलं. घर त्यांना चांगलं ठाऊक होतं, रोज तिथूनच तर शिकायला निघायच्या. पण ताईला बोलतं करायला म्हणून विचारलं.

"लाल दार आहे," ताई म्हणाली, आणि रडायला लागली.

काकूंनी तिला घरी आणलं. वाटेत गिअर बदलायचं त्यांना सुचलंच नाही, अख्खा रस्ता पहिल्या गिअरमध्ये. गाडी घोंघावत दारात आली तेव्हा भावजी पान्हा हातात घेऊनच बाहेर धावले. त्यांना वाटलं, इंजिन गेलं.

ताई आत जाऊन झोपली. काकूंनी आम्हा दोघांना झालेलं सांगितलं. भावजींनी ऐकून घेतलं आणि चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर घराची ही दशा! कपाट उलटंपालटं, चपलांचा ढीग, स्वयंपाकघरातले डबे उघडे. ताई गाडीची किल्ली शोधत होती. मीही लागले शोधायला. उशांचे अभ्रे झाले, फ्रिज झाला, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून झाला. जेवणाची वेळ टळून गेली. मी म्हटलं, "राहू दे गं, सापडेल." ती ऐकेना. भावजी मधूनमधून येऊन जायचे. एकदा तिने त्यांना विचारलं, "तुम्ही पाहिलीत का?"

"तूच कुठेतरी ठेवली असशील," ते म्हणाले. "नीट आठव."

ती आठवायला बसली. कपाटातून काढलेल्या कपड्यांच्या ढिगात, जमिनीवर. डोळे मिटून ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. काल घरी आले, मग पर्स ठेवली, मग पाणी प्यायले... पुन्हा पहिल्यापासून. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. ते डोक्यात पसरलंय. मला केव्हाचं माहीत आहे."

मी वळून पाहिलं. मागे दारात भावजी उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली.

"मी ठेवली होती," ते म्हणाले. "कालच काढून घेतली."

ताई किल्लीकडे बघत राहिली. "म्हणजे मी हरवली नव्हती?"

"नाही."

"मी विसरलेही नव्हते?"

"नाही गं."

तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. खरंखुरं, आनंदाचं. आणि दुसऱ्याच क्षणी हाताला लागेल तो कपडा तिने त्यांच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. "मग आठव म्हणून कशाला सांगितलंत? सकाळपासून मी माझ्या डोक्यात हात घालून शोधतेय! जे तिथे नव्हतंच ते!"

"मला वाटलं, गाडीच नसली तर काही होणार नाही," भावजी म्हणाले. "तुला सांगायचं कसं ते सुचेना. मग तू शोधायला लागलीस आणि... मग तर आणखीच सुचेना." तिचा एक स्वेटर त्यांच्या खांद्यावर तसाच लटकत होता. तो काढायचंही त्यांना भान नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं तिच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोक्याचा स्कॅन झाला. निकाल लागेपर्यंत भावजींनी किती बिड्या ओढल्या देव जाणे, सोडल्या होत्या त्यांनी. स्कॅन स्वच्छ होता. कुठे काही पसरलेलं नव्हतं.

"हे पुष्कळांना होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधांनी होतं, झोप मोडल्याने होतं, थकव्याने, भीतीने होतं. तुमच्यात कशाचा वाटा किती, ते मला नेमकं सांगता येणार नाही. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. काहींचं थोडं राहतं."

"माझं?"

"आत्ताच नाही सांगता येत."

"हे आधी का नाही सांगितलंत?" हे भावजींनी विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "गाठ गेली की आमचंही लक्ष तिथेच संपतं कधीकधी." मन उदास राहतं, त्यावरही उपाय असतो, असं सांगून त्यांनी समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे जायला सांगितलं. आणि तूर्तास रहदारीत शिकवणं बंद.

बाहेर आल्यावर ताई पायऱ्यांवर थांबली. "म्हणजे रिपोर्ट चांगला आला ना?"

"हो गं, चांगला."

"मग मला रडू का येतंय?"

भीती गेली म्हणून असेल. किंवा रोग सापडला असता तर निदान नाव तरी कळलं असतं, म्हणूनही असेल.

समुपदेशनाला ती कुरकुरत गेली. "मी काही वेडी नाही," असं तिने जाताच सांगून टाकलं. त्या बाई म्हणाल्या, "मी तरी कुठे म्हणतेय?" परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, आधीची तुम्ही आणि आताची तुम्ही, यात फरक काय वाटतो? मी म्हटलं, आधीचीला विचारावं लागेल, ती येतच नाही." हे सांगून हसली. पुढच्या खेपेला मात्र आपणहून निघाली.

आता वर्ष होत आलं. गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात ती नवख्यांना पहिले धडे देते. क्लच, ब्रेक, गाडी मागे घेणं. एका वेळी एकच गोष्ट, शिकणारीने मध्ये गप्पा मारायच्या नाहीत, रेडिओ बंद. रस्त्यावरचं भावजी बघतात आणि ओरडतात म्हणून बायका ताईकडे तक्रार करतात. काही दिवस ती पूर्वीसारखी चटपटीत असते. मग कधी एखाद्या सकाळी मैदानात जाऊन गाडीत नुसती बसून राहते आणि शिकणारीला घरी पाठवते. असं कुठल्या दिवशी होणार, हे आदल्या दिवशी कळत नाही. झोप बरी लागली तर दिवस बरा जातो असं वाटावं, तर नेमकं त्याच दिवशी सगळं बिनसतं.

परवा मी तिला आणायला मैदानात गेले होते. नवी शिकणारी होती, तरुण, केस नुकतेच बोटभर वाढलेले. तिच्याकडे बघून मला अंदाज आलाच. गाडी उभी होती, काचा खाली. ती ताईला विचारत होती, "बाई, मग परत पहिल्यासारखं होतं का?"

ताई समोरचा आरसा उगाच नीट करत राहिली. मला वाटलं, शब्द अडलाय. पण तसं नसावं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काही विसरायला होतं का?"

मुलीने मान हलवली. होय म्हणाली की नाही, मला लांबून दिसलं नाही.

"होत असेल, तर कोणाला तरी सांगा. मी सांगितलं नव्हतं."

घरी येताना मी गाडी चालवत होते. ताई खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "तिला 'होतं' असं सांगायला हवं होतं का गं?"

"तुला काय वाटतं?"

"तेच कळत नाहीये," ती म्हणाली, आणि पुढचा सिग्नल लाल झालेला मला दाखवला.